जवळ एक माणूस

सान्निध्यमापीच्या पडद्यावर पुन्हा तीच ओळ उमटली: ‘जवळ एक माणूस’. प्रयोगशाळेत बसल्या बसल्या डॉ. विद्याधर खेरांच्या अंगाचा तिळपापड झाला. बायकोला, हेमांगीला, भेट दिलेल्या साडीपिनेत त्यांनीच ते यंत्र गुपचूप बसवलं होतं. स्वयंपाकाच्या वेळी तिच्याजवळ रोज कोणीतरी असायचंच. वरच्या मजल्यावरचा तो नाटकवाला सरंजामे, दुसरं कोण?

“यंत्र चुकत नाही ना?” त्यांनी विचारलं.

“किरण सगळीकडूनच येतात, सर,” सहकारी डॉ. फिरदौस मुजावर म्हणाल्या. “आकाशातून, ओट्याच्या ग्रॅनाइटमधून, दवाखान्यातल्या एक्स-रेमधून. ते आपण वजा करतो. उरतं पोटॅशियम. प्रत्येकाच्या अंगात ते असतं आणि त्यातलं किंचित किरणोत्सारी असतं. यंत्रामागे शिशाचा पत्रा आहे, म्हणून घालणाऱ्याचं सोडून फक्त शेजारचं मोजलं जातं. पण यंत्राला पोटॅशियम कळतं, माणूस नाही.”

शेवटचं वाक्य खेरांच्या कानात शिरलंच नाही. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं. त्यांना आमटीसुद्धा पुरावा वाटत होती. रक्तदाबाचं पथ्य सांगणाऱ्या डॉक्टरांना त्यांनी ‘अळणी खाणार नाही’ म्हणून धुडकावलं होतं, आणि तेव्हापासून ही आमटी कडवट लागत होती. बाईचं मन दुसरीकडे असलं की हातची चव जाते, असं त्यांचं निदान होतं.

काल जेवताना त्यांनी विचारलंच, “मी नसताना कोण येतं?”

हेमांगीने हातातली पळी खाली ठेवली. “एवढ्या वर्षांनी हे विचारताय? उद्या मी सांगलीला दादाकडे जाते. परत कधी येणार, ते विचारू नका.”

आणि आता पडद्यावर माणूस. म्हणजे सांगली नुसती थाप. खेर तसेच उठले, गाडी काढून घरी आले आणि आवाज न करता कुलूप उघडलं.

घरात कोणी नव्हतं. हेमांगीची बॅग नव्हती, चपला नव्हत्या. गॅसवर आमटी झाकलेली होती. ओट्यावर मिठाच्या बरणीला टेकवून साडीपिन ठेवलेली होती. बरणीत न फोडलेली एक पिशवीही होती: ‘रक्तदाबाच्या रुग्णांसाठी. सोडियमऐवजी पोटॅशियम क्लोराइड.’

किलोभर असं मीठ म्हणजे माणसापेक्षा जास्त पोटॅशियम. हा हिशेब पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही करील. त्यांच्याशी वाद नको म्हणून तिने न सांगताच मीठ बदललं होतं. खेरांना इतकी लाज वाटली की बसायला स्टूलही सापडेना.

त्यांनी फोन लावला. तो बंद होता. मग ते ओट्यापाशी उभ्यानेच कडवट आमटी जेवले.

खिशातला फोन थरथरला. तिचा असेल म्हणून त्यांनी घाईने काढला. सान्निध्यमापीचा संदेश होता: ‘जवळ दोन माणसं’.