तोमिए आजींचा अंगरखा

"अंगरखा नाही! खोलीत कुठेच नाही!" गाकू ओरडत जिना उतरला.

त्याची चिहारूताई आणि ओसाकाहून सुट्टीला आलेला मावसभाऊ शुंता भुंगे पकडायच्या जाळ्या घेऊन दारात उभे होते. पण न्याहारीला हात न लावता बसलेल्या तोमिए आजींना पाहून दोघांनी जाळ्या खाली ठेवल्या.

चिहारू आणि गाकूचं घर म्हणजेच यात्रेकरूंचं मुक्कामाचं ठिकाण. तोमिए आजी पायी यात्रा करत काल तिथे उतरल्या होत्या. त्यांच्या झोळीत एक पांढरा अंगरखा होता, स्वतः न घालायचा. त्यावर त्या देवळादेवळातून लाल शिक्के उमटवून घेत होत्या. त्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेल्या आजोबांसाठी! ते अखेरच्या प्रवासाला निघतील तेव्हा त्यांच्या अंगावर घालायला.

"मागच्या देवळात विसरल्या असतील," पाहुण्यांची व्यवस्था बघणारे इसामू मामा म्हणाले. "वय झालं की व्हायचंच! आमच्याकडे आजवर सुईसुद्धा हरवलेली नाही."

"काल संध्याकाळी होता हो," आजी हळूच म्हणाल्या. "जांभळ्या रेशमी कापडात गुंडाळलेला."

मामांनी नीट न ऐकताच मान हलवली आणि जेवणाचा डबा उचलून ते शेताकडे निघाले. गाकूचे डोळे एकदम मोठे झाले.

"ताई! मामाचा डबा बघ!"

डबा जांभळ्या रेशमी कापडात बांधलेला होता!

"मामा, हे कापड कुठलं?" चिहारूनं विचारलं.

"हे? काल आजी आंघोळीला गेल्या, तेव्हा मी त्यांच्या झोळीतले कपडे धुवायला काढले ना, त्यांच्यावर गुंडाळलेलं. चालत येणाऱ्यांचे कपडे आपण फुकट धुऊन देतो, विसरलीस? संध्याकाळी देणारच होतो परत."

"आणि आतला अंगरखा?"

"तोही दिला. कोरा पांढरा तर होता!"

"कोरा कसला!" आजी कळवळून म्हणाल्या. "शाई पुसली जाऊ नये म्हणून उलटा करून, आत कागद घालून घडी घातली होती!"

मामांचा चेहरा उतरला. "अरे देवा... आपलं धुण्याचं यंत्र बिघडलंय. सगळं आत्ताच लाँड्रीवाल्या हमादाच्या गाडीत दिलं. आणि डाग घालवायची पावडर जास्त टाक म्हणून सांगितलं!"

लाँड्रीत फोन कोण उचलणार? हमादा काका एकटेच धुणार, एकटेच गाडी हाकणार. घरची गाडी बाबांनी बाजारात नेलेली.

"गाडी धरणाला वळसा घालते," चिहारू म्हणाली. "आपण टेकडीवरून उतरू. चला! आणि खुंटीवरच्या यात्रेकरूंच्या टोप्या, काठ्या, पांढरे अंगरखे घ्या."

"हे कशाला?" शुंता म्हणाला. "मी हात दाखवला की थांबेल तो."

"पोरांनी हात दाखवला की हमादा काका जोरात पळवतात! फुकट फिरवून आणा म्हणून आम्ही फार छळलंय त्यांना. यात्रेकरूंसाठी मात्र थांबतात."

चढ संपता संपेना. "ओसाकात असले डोंगर नसतात!" शुंता धापा टाकत म्हणाला.

"ओसाकात सरकते जिने असतात, म्हणून तर तू असा!" गाकूनं टोमणा मारला.

खाली रस्त्याला लागले तोच वळणावर पांढरी गाडी दिसली. तिघांनी मोठाल्या गवती टोप्या डोळ्यांवर ओढल्या आणि काठ्या टेकत, कण्हत चालू लागले. गाडी करकचून थांबली.

"बसा हो यात्रेकरू!" हमादा काका खिडकीतून म्हणाले. "उन्हात कुठे चालता?... अरे! ही तर कार्टी!"

"काका, नंतर रागवा! आधी पोती उघडा!"

पोत्यांत सगळे अंगरखे सारखेच. चिहारूनं एकेक चाचपला. घामेजलेला, चुरगळलेला... आणि एक कडक! आत पातळ कागद सळसळला.

"हाच!"

हमादा काकांनी सगळी हकिकत ऐकली आणि गाडी उलटी वळवली.

इसामू मामा आजींसमोर गुडघे टेकून वाकले. "मी तुमच्या झोळीला हात लावला, आणि वर तुम्हालाच विसरभोळ्या म्हणालो. माफ करा. या पोरांनी लाज राखली माझी! शाबास रे!"

आजींनी कागद अलगद बाजूला केले. एकही शिक्का फिसकटला नव्हता. त्यांनी तिघांचे हात आपल्या हातांत घेतले.

"एकच शिक्का राहिलाय!" शुंता अंगरख्यावरची रिकामी जागा दाखवत म्हणाला. "देऊळ डोंगरापलीकडेच आहे. आजच होईल!"

आजींनी अंगरख्याची अलगद घडी घातली.

"आजोबा मला म्हणालेत, 'सगळे शिक्के झाल्याशिवाय मी कुठेही जाणार नाही,'" त्या म्हणाल्या.

मग आजींनी मामांकडे पाहिलं. "माझे पाय जरा दुखताहेत. आणखी एक रात्र खोली मिळेल?"

मामांच्या उत्तरासाठी चिहारू थांबलीच नाही. आजींची झोळी खांद्याला लावून ती जिना चढूही लागली होती.