घुमटाखालून आलेली हाक

हसा पोरांनो, आत्ताच हसून घ्या. आपल्या वरच्या मजल्याचं वायरिंग ज्यानं केलं ना, त्या वायरमनवर बेतलेली ही गोष्ट आहे. मला त्यानं स्वतः सांगितली.

गेल्या डिसेंबरातला शेवटचा शनिवार. नदीपलीकडच्या जुन्या राजवाड्यात, घुमटाखालच्या दरबारात नवे दिवे लावायचं काम त्याला मिळालं होतं. दिवसा तिथे बघ्यांची रीघ, म्हणून काम करायचं ते राजवाडा बंद झाल्यावर. सोबत मेहुणा, त्याच्या बायकोचा पाठचा भाऊ. दोघं वर्षानुवर्षं जोडीनं काम करत आलेले. परांचीवर चढायचा तो मेहुणाच, कारण वायरमनचं पोट सुटलेलं.

"दाजी, तुम्ही खालीच बरे," मेहुणा म्हणायचा. "वर आलात तर घुमट नव्यानं बांधावा लागेल."

आत नेता नेता पहारेकऱ्यानं त्यांना राजवाडा दाखवला. "या राजानं सख्ख्या भावांना मारून गादी घेतली," तो म्हणाला. "मग त्याचा कुणावरच भरवसा उरला नाही. भिंती बांधतानाच त्यांच्या पोटात मातीचे नळ घालून घेतले. हे बघा." भिंतीत कोरलेलं दगडी कमळ होतं आणि त्याच्या मधोमध बोट जाईल एवढं भोक. "असं कमळ प्रत्येक दालनात आहे. एकीकडे कुजबुजलं की दुसरीकडे ऐकू येतं. आणि बोळ बघा. एक सरळ असेल तर शपथ. दारं ठेंगणी, मान वाकवल्याशिवाय आत येता येत नाही. मान वाकली की वरून घाव घालायला सोपं. काही दारं तर नुसती फसवायला, उघडलं की समोर भिंत."

"माणसाला घरी जायला वाट तरी ठेवलीय ना?" मेहुण्यानं विचारलं.

पहारेकरी हसला. नियमाप्रमाणे त्यानं मोठ्या दरवाज्यातल्या छोट्या दाराला बाहेरून कडी घातली. काम झालं की दार ठोका, म्हणाला, आणि बाहेर चौकीत जाऊन बसला.

काम निम्म्यावर आलं असेल. वायरमन खाली वायर सोडत होता. वर काहीतरी करकरलं. त्यानं मान वर केली तोवर अख्खी परांची कलली होती. लोखंडाचा गडगडाट झाला, ठिणगी उडाली आणि सगळे दिवे गेले.

मोबाईलच्या उजेडात मेहुणा सापडला. पाय परांचीच्या लोखंडी नळ्यांखाली, तोंड रक्तानं भरलेलं, डोळे मिटलेले. श्वास चालू होता. वायरमननं नळ्या उचलायचा प्रयत्न केला, पण एकट्याच्यानं हलेनात. मोबाईलला रेंज नाही. त्या भिंतींतून रेंज कसली येते! त्यानं अंगातला शर्ट काढून मेहुण्याच्या मानेखाली दिला. "आलोच रे. माणसं घेऊन येतो," म्हणाला, आणि धावत सुटला.

येताना दिवे होते, पहारेकरी पुढे होता. आता काळोख. पहिल्याच ठेंगण्या दाराला कपाळ आपटलं. पुढचं दार उघडलं तर भिंत. परत फिरला, दुसरं वळण घेतलं. आणि कानाजवळ ऐकू आलं.

"दाजी…"

त्यानं उजेड टाकला. भिंतीवर दगडी कमळ. त्याला हायसं वाटलं. मेहुणा शुद्धीवर आला आणि नळातून त्याचा आवाज इथवर पोचला, एवढंच. तो तसाच माघारी पळाला.

मेहुणा होता तसाच पडला होता. डोळे मिटलेले.

"बोल ना! हाक मारलीस ना?" काही नाही. हात गार पडत चालला होता.

तो पुन्हा निघाला. या वेळी वळणं पाठ म्हणत निघाला. डावीकडे, मग उजवीकडे, मग जिना सोडून पुढे. तिसऱ्या दालनाशी पोचला तर कमळातून पुन्हा आवाज आला.

"दाजी, पाणी… पाणी द्या…"

कुणाला राहवेल? तो पुन्हा माघारी गेला. बाटलीतलं पाणी ओठांना लावलं तर पाणी आणि रक्त दोन्ही बाहेर आलं. आता मात्र मेहुण्याचे डोळे उघडे होते. टक लावून बघत होता. डोळ्यांच्या कडांतून पाणी वाहत होतं.

"जाऊ नको म्हणतोस का? अरे, गेलो नाही तर मरशील!"

मेहुणा नुसता बघत राहिला. वायरमन रडतच उठला. तिसऱ्यांदा.

या वेळी शेवटच्या बोळापर्यंत पोचला. समोर मोठा दरवाजा. त्याच्या फटीतून चौकीतल्या दिव्याची पिवळी रेघ. दहा ढांगा उरल्या असतील.

"दाजी… मला एकट्याला टाकून चाललात?"

तो थांबला.

"दाजी… मी मरतोय…"

त्यानं दाराकडे बघितलं.

"ताईला काय सांगाल, दाजी?"

तो वळला. खरंच वळला, पोरांनो. दोन पावलं आत गेला. आणि त्याच्या लक्षात आलं… आवाज दरबारातून, लांबून आल्यासारखा नव्हता. दाराशेजारच्या कमळातून येत होता. अगदी जवळून. आणि बोलायच्या आधी… तिथे कुणीतरी श्वास घेत होतं.

त्यानं रुमाल फाडला. चिंध्या कानात कोंबल्या. वरून हातांनी कान दाबले.

तरी ऐकू येत होतं.

"ताई… ताई, बघ गं हे…"

"माफ कर," तो ओरडला. "माफ कर रे मला!" आणि दारावर धडका मारत सुटला. खांद्यानं. कपाळानं. मुठींनी.

बाहेरून पहारेकऱ्यानं कडी काढली.

मेहुणा वाचला. एक पाय गेला, पण वाचला. अजून थोडा वेळ गेला असता तर हाती लागला नसता, असं डॉक्टर म्हणाले. वायरमननं त्यांना विचारलं, "शेवटपर्यंत हाका मारत होता हो. त्याला फार दुखत होतं का?"

डॉक्टर म्हणाले, "कुणी हाका मारल्या? पडताक्षणी जबडा दोन ठिकाणी मोडलाय त्याचा. जीभ फाटलीय. हा माणूस एक शब्द बोलू शकला नसता."

पुढे बऱ्याच दिवसांनी जबड्याच्या तारा निघाल्या. मेहुण्यानं पहिलं काय विचारलं असेल?

"दाजी, मी डोळ्यांनी सांगत होतो, जा म्हणून. तुम्ही सारखे परत का येत होतात?"

अपघाताची चौकशी झाली. परांची ज्या भिंतीला टेकवली होती तिच्या मागे काय आहे, ते इंजिनियरला बघायचं होतं. मागे एक खोली निघाली. सगळे नळ तिथेच येऊन संपतात. राजाची ऐकायची खोली. तिच्या कुलपाची किल्लीच कुणाकडे नव्हती. शेवटी ते कापावं लागलं. वायरमन तिथे हजर होता.

आत बोटभर धूळ. जमिनीवर पावलाचा एकही ठसा नाही. समोरच्या भिंतीत नळांची तोंडं, माणूस खाली बसला की बरोबर कानाशी येतील अशी. सगळी धुळीनं माखलेली.

एक सोडून.

त्या एका तोंडाभोवतीची धूळ पुसली गेली होती. इंजिनियर म्हणाला, कुणीतरी कान लावला असेल. वायरमननं वाकून उजेड पाडला.

कानाचा ठसा नव्हता तो. वरचा ओठ. खालचा ओठ…

आणि दगड अजून ओला होता.