शेजारच्या सीटसमोरची काच

तुमची घाई मला कळते. काच तर बसली, हलवून पाहिली तरी हलत नाही, मग गाडी संध्याकाळपर्यंत जागची हलवायची नाही हे काय खूळ, असं सगळ्यांनाच वाटतं. बसा. वेळ आहेच, तर सांगतो.

हा धंदा मी आणि माझा मेव्हणा मिळून करतो. गाडीची पुढची काच एकट्याने बसत नाही. दोन बाजूंनी दोघांनी धरायची आणि एका दमात खाली टेकवायची. मेव्हण्याला सगळे वकील म्हणतात, कारण वाद घातल्याशिवाय त्याच्या हातून स्क्रूसुद्धा फिरत नाही. एके दिवशी दुपारी आम्हाला पेंटरचा फोन आला. पेंटर म्हणजे गाड्यांचे पत्रे ठोकून रंगवणारा, आमचा जुना ओळखीचा. अपघातातली एक गाडी दीड वर्षं त्याच्या शेडमध्ये पडून होती. मालकाने आता ती दुरुस्त करायला सांगितली होती. पत्रा झाला होता, रंग झाला होता, फक्त पुढची काच राहिली होती, आणि मालक संध्याकाळी गाडी न्यायला येणार होता.

शेड रस्त्यापासून बरीच आत. लांबट, पत्र्याची, एकच दार. बाहेर कोरडा वारा सुटला होता आणि छपराचा कुठला तरी सुटा पत्रा सारखा खडखडत होता. आत थिनरचा वास. गाडी पार मागच्या भिंतीशी, नव्याच रंगाची, राखाडी, पुढून डोळा काढल्यासारखी उघडी. पेंटरने गाडी दाखवली आणि तो जेवायला घरी गेला. वकिलाने बॅटरीची तार काढून ठेवली, मी चौकटीवरचं जुनं सीलंट, म्हणजे काच चिकटवायचा मसाला, तासायला घेतलं.

जुनं सीलंट सहज निघत नाही. पातं लावून रेटावं लागतं, मनगट दुखून येतं. पण इथे ड्रायव्हरच्या शेजारच्या बाजूला मी नुसतं टोक उचललं, आणि हातभर लांब पट्टी रबरासारखी अलगद सोलून हातात आली. तिने ना पत्र्याला धरलं होतं, ना काचेला. तिच्याखाली कोपऱ्यात पांढऱ्या पेन्सिलीने तारीख लिहिली होती. काच बसवताना मी तिथेच तारीख लिहितो. अक्षर माझंच होतं.

दीड वर्षापूर्वी मी ती काच बसवली, तेव्हा ही गाडी पांढरी होती. मालक सारखा घड्याळ बघत होता. त्याची बायको बाहेर बाकावर बसली होती, दुसऱ्या गावी तिच्या आईला बरं नव्हतं. संध्याकाळपर्यंत थांबा असं मी म्हणालो होतो. हळू चालवतो, म्हणाला. मी किल्ली दिली. पुढच्या आठवड्यात कानावर आलं. वळणावर गाडी कठड्याला लागली होती. वेग फार नव्हता. पण काच चौकटीतून अख्खी सुटली आणि शेजारी बसलेली त्याची बायको काचेबरोबरच बाहेर गेली. जागीच संपली.

घाई त्याची होती, असं मी स्वतःला दीड वर्षं सांगत आलो होतो. पण ती काच बसवताना मी वापरलेल्या सीलंटच्या नळीची मुदत उलटून गेली होती. ते मी वाचलं होतं. वाचूनही वापरली होती. हे मी माझ्या बायकोला सांगितलं नव्हतं, आणि वकिलाला तर नाहीच.

त्या दुपारी शेडमध्येही काही बोललो नाही. सोललेली पट्टी खिशात कोंबली. चौकट दोनदा पुसली, प्रायमर लावलं, नवीकोरी नळी फोडली आणि सीलंटची काळी रेघ सगळीकडून सारख्या जाडीने ओढली. वकील म्हणाला, आज काय परीक्षा आहे का तुमची? काच टेकवली, वरून कागदी टेप लावले. दार आपटलं तर कोंडलेल्या हवेने ओली काच बाहेर ढकलली जाते, म्हणून मी बॅटरीची तार जरा वेळ जोडून शेजारची खिडकी चार बोटं खाली घेतली आणि तार परत काढली. वकिलाला दुसरं एक काम होतं. त्याला जा म्हटलं. मी इथेच बसणार होतो, काच पक्की होईपर्यंत.

डबा उलटा करून त्यावर बसलो. बसवेना. उठलो, दारापर्यंत गेलो, परत आलो. छपराचा पत्रा खडखडायचा, थांबायचा. तीन वाजले असतील. एकदा तो असाच थांबला आणि त्या शांततेत मला टेप ताणल्याचा आवाज आला. बारीक, करकर.

जवळ गेलो. काच ड्रायव्हरच्या बाजूने स्वच्छ होती. शेजारच्या सीटसमोर मात्र एक धुरकट ठिपका होता, बशीएवढा. फडक्याने पुसला. पुसला गेला नाही. आतून होता. मी बघत असतानाच तो आक्रसला, मग परत पसरला... परत आक्रसला. वारा कोरडा होता, सांगितलं ना तुम्हाला. वाफ धरायचं काही कारणच नव्हतं.

मग खिडकीकडे लक्ष गेलं. ती पूर्ण बंद होती.

बॅटरीची तार सुटीच होती, तिचं टोक मी वकिलाने ठेवलेल्या जागी डोळ्यांनी पाहिलं. पळायला हवं होतं, पण तेवढ्यात वरचा एक टेप सुटला आणि काचेची कड बोटभर उचलली गेली. हात आपोआप पुढे गेले. दोन्ही तळवे काचेवर ठेवून मी दाबलं. आतून कुणीतरी तितकंच दाबलं.

धक्का नव्हता तो. सावकाश, न थांबता, झोपेत पांघरूण लोटावं तसं. मी पाय बॉनेटला टेकवून अंगाचा भार टाकला. तळव्यांखाली काच गार नव्हती. तो ठिपका माझ्या हातांच्या मध्ये लहानमोठा होत होता, आता भराभर. मला वाटलं, सोडलं तर काच परत बाहेर येणार, आणि या वेळी काचेमागून काय येईल ते मला बघायचं नव्हतं.

"अजून ओलं आहे," मी म्हणालो. कुणाशी बोललो, विचारू नका. "जरा थांबा... या वेळी नीट बसवलंय."

किती वेळ गेला सांगता येत नाही. खांदे थरथरायला लागले. मागे पावलं वाजली. पेंटर असेल म्हणून मी मान वळवली, तर दारात मालक उभा होता, ठरलेल्या वेळेच्या कितीतरी आधी आलेला. पार वाळला होता. त्याने मला लगेच ओळखलं. माझे हात काचेवर का आहेत, हे त्याने विचारलं नाही.

"तुम्ही थांबा म्हणाला होतात," तो हळू म्हणाला. "मीच ऐकलं नाही. रोज तेच आठवतं."

काच तळव्यांखाली कण्हली. तेवढ्यावर गप्प राहिलो असतो तर मी कायमचा सुटलो असतो, हे मला त्याही अवस्थेत कळत होतं. दीड वर्षं हा माणूस माझ्या वाटणीचंही ओझं वाहत होता.

"तुमच्या घाईने नाही झालं ते," मी म्हणालो. "नळीची मुदत संपली होती. मला माहीत होतं... तरी वापरली."

त्याने माझ्याकडे रोखून पाहिलं. मारेल असं वाटलं. मारलं असतं तरी मी हात काढू शकत नव्हतो. मग तो दोन पावलं पुढे आला आणि त्याची नजर त्या ठिपक्यावर गेली. लहान, मोठा. लहान, मोठा. त्याचा चेहरा बदलला, पण भीतीने नाही.

"तिला बंद गाडीत गुदमरायचं," तो म्हणाला. "खिडकी का लावलीत?"

त्याने वळसा घालून शेजारचं दार अलगद उघडलं आणि धरून ठेवलं. माझ्या तळव्यांखालचा जोर एकदम गेला. इतका एकदम, की माझं कपाळ काचेवर आपटलं. ठिपका कडेपासून आत विरत नाहीसा झाला.

मी नवे टेप लावले. तो उघड्या दाराशी जमिनीवर बसला, मी डब्यावर. सात वाजेपर्यंत आम्ही असेच बसलो. मधे पेंटर आला, आमच्याकडे बघून परत बाहेर गेला. मालक माझ्याशी एक शब्द बोलला नाही. माफ केलं असंही नाही, आणि मी विचारलंही नाही. सात वाजता मी काच चारही बाजूंनी तपासली. सीलंटने सगळीकडे घट्ट धरलं होतं.

बॅटरी जोडली. तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला, पट्टा लावला, गाडी सुरू केली. लगेच घंटी वाजायला लागली, पट्टा लावा म्हणून गाडी वाजते ना, तशी. त्याचा पट्टा तर लावलेला होता. पेंटर म्हणाला, वायरिंगमध्ये काहीतरी गडबड असेल, उद्या बघतो. पण मला माहीत होतं की शेजारच्या सीटवर वजन असलं तरच ती घंटी तशी वाजते.

मालकाने आमच्याकडे बघितलंही नाही. तो वाकला, रिकाम्या सीटवरून पट्टा सावकाश ओढून घेतला आणि खटक्यात बसवला. घंटी थांबली. गाडीतला दिवा अजून लागलेला होता, मला आतलं स्पष्ट दिसत होतं. पट्टा चांगला ताणलेला होता, पण तो सीटला टेकला नाही. वीतभर पुढेच राहिला.