साडेचारची हाक

"शूऽऽ! आला, आला! आवाज आला!"

यशोधनने कैरीची फोड तशीच गालात धरली. सलोनी पुढे सरकली. लालबागच्या चाळीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत तिघं एकमेकांना चिकटून बसली होती. मधोमध ऋताच्या मांडीवर आजोबांचा काळा स्कॅनर, रेडिओवरचं बोलणं पकडणारा, खरखरत होता.

खरखर थांबली आणि एक म्हातारा आवाज स्पष्ट उमटला.

"हेमा, ए हेमा! साडेचार वाजले. आजपण गप? अजून रागावलायस काय रे? चुकलं माझं. डोकं गंजलं तुझं असं म्हणालो, नको होतं म्हणायला. फोनसुद्धा बंद ठेवलायस, मेल्या! ऐक. शनिवारी आनंदा मला पनवेलला नेतोय, कायमचा. तिकडून माझा आवाज तुझ्यापर्यंत पोचायचा नाही. त्याआधी एकदा बोल. चाल तुझीच आहे."

मग तो उत्तराची वाट बघत थांबला. पुष्कळ वेळ थांबला. शेवटी पुन्हा नुसती खरखर.

"हे कोण?" सलोनीने विचारलं.

"रघुआजोबा," ऋता म्हणाली. "परळला राहतात. एवढंच माहितीये मला."

ऋताचे आजोबा, हेमचंद्र, हॅम होते. म्हणजे सरकारी परवाना काढून हौसेनं रेडिओवर बोलणाऱ्यांपैकी एक. कुणी फारसं फिरकत नाही अशी एक फ्रिक्वेन्सी त्यांनी आणि रघुआजोबांनी धरून ठेवली होती. दोघांचेही गुडघे गेलेले, त्यामुळे भेट पंधरा वर्षांत नाही. पण रोज साडेचारला, देवापुढं दिवा लावावा तशा नेमानं, ते रेडिओवर भेटत आणि बुद्धिबळाची एक-एक चाल सांगत. पट इकडेही मांडलेला, तिकडेही.

तीन आठवड्यांपूर्वी त्यांचं भांडण झालं होतं. "आठवडा झाला, चाल सुचत नाही? डोकं गंजलं तुझं!" असं रघुआजोबा म्हणाले आणि आजोबांनी फणकाऱ्यानं सेट बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ते पटाशी बसले, घोडा उचलला आणि खो खो हसले. "ऋते, बघ! आज साडेचारला रघूची जिरवतो!"

दुपारी बारालाच त्यांच्या छातीत दुखू लागलं. ते साडेचार त्यांच्या आयुष्यात आले नाहीत.

तेव्हापासून ऋताने दप्तरातल्या स्कॅनरला हात लावला नव्हता. काल पहिल्यांदा लावला, आणि हे ऐकू आलं!

"अगं मग सांगून टाक ना त्यांना!" यशोधन म्हणाला. "दाब बटण आणि बोल!"

"बटणच नाहीये, शहाण्या! स्कॅनरला नुसते कान असतात. बोलायचा सेट विनीतकाकाने विकून टाकला."

"माझ्या दादाच्या मित्राकडे वॉकीटॉकी आहे..."

"परवान्याशिवाय एक अक्षर बोलायचं नाही. आजोबांचा नियम आहे." ऋता उठली. "चला, काकाकडे."

विनीतकाका लॅपटॉपमध्ये डोकं खुपसून बसला होता. "कोण रघु? मी सगळ्यांना कळवलंय गं! नातेवाइकांचा ग्रुप, चाळीचा ग्रुप, त्यांच्या ऑफिसचा ग्रुप. दोनशे जणांनी हात जोडले."

"ते ग्रुपवर नाहीयेत, काका! आजोबांच्या वहीत पत्ता, नंबर असेल."

"त्या जुन्या वह्या? रद्दीत गेल्या. फोनही सेटबरोबरच विकला, सगळे नंबर पुसून. आणि ते डबडं घेऊन उन्हात भटकायचं नाही हं, सांगून ठेवतो!"

जिन्यात आल्यावर सलोनीने ऋताचा हात दाबला. "आज गुरुवार. शनिवारपर्यंत शोधायचं. शोधू!"

"कसं? अख्खं परळ पालथं घालणार?"

ऋताला आजोबांची एक युक्ती आठवली. स्कॅनरची अँटेना आखूड करायची, तो छातीशी घट्ट धरायचा आणि जागच्या जागी हळूहळू फिरायचं. आपलं शरीर मध्ये आलं की आवाज मरतो. जिथं तो सगळ्यात बारीक होईल, तिथं बोलणारा आपल्या बरोब्बर पाठीमागे!

शुक्रवारी साडेचारला ऋता गच्चीवर गोल गोल फिरली. "हेमा, ए हेमा..." आवाज मोठा झाला, बारीक झाला, अगदी विझत आला. "इथं!" ती ओरडली. यशोधनने तिच्या पाठीच्या दिशेनं नकाशावर पट्टीनं रेघ मारली. रेघ परळमधून सरळ निघून गेली.

"एका रेघेवर शंभर इमारती असतील!" तो वैतागला.

"दुसरी रेघ हवी, दुसऱ्या जागेवरून," ऋता म्हणाली. "पण ते पाचच मिनिटं बोलतात. आता उद्याच. आणि उद्या शनिवार!"

शनिवारी सलोनीने आईकडून काम मागून घेतलं. "हिंदमाताला जाऊन ब्लाउजचं अस्तर आणते, मॅचिंग!" आई इतकी खूश झाली की तिघं का जाताहेत हे विचारायचंच विसरली. अस्तर खरंच घेतलं. दुकानाबाहेर साडेचार वाजले, ऋता फिरली, दुसरी रेघ पडली आणि दोन्ही रेघा एका काचेच्या टॉवरमागं एकमेकींना छेदून गेल्या.

"पळा!"

स्कॅनर बोलतच होता. "हेमा, खाली टेम्पो लागलाय. मी पाचपर्यंत बसतो. तोवर बोल रे..."

टॉवरमागं गिरणीच्या वेळच्या चार मजली चाळी एका रांगेत उभ्या होत्या. "कुठली?" यशोधन धापा टाकत होता. ऋताने वर पाहिलं. तिसऱ्या चाळीच्या गच्चीवर एक बारीक दांडी होती आणि कुणीतरी तिला दोरी बांधून टॉवेल वाळत घातला होता. "अँटेना! तीच!"

दारात टेम्पो उभा होता आणि जिन्यात चाळीतले एक गृहस्थ आडवे आले. "ए, कुठं? खोली रिकामी होतेय, पोराटोरांची गर्दी नको!"

सलोनीने कागदात गुंडाळलेलं अस्तर पुढं केलं. "चौथ्या मजल्यावर दाखवायचंय, काका. रंग चुकला तर आई मला घरात घेणार नाही!"

"बरं बरं, जा!"

दुसरा मजला. तिसरा. चौथ्यावर ऋता थबकली. आवाज दोनदा येत होता! एकदा हातातल्या स्कॅनरमधून आणि एकदा समोरच्या उघड्या दारातून.

"ठीक आहे, हेमा. नको बोलूस. मी बंद करतो."

रिकाम्या खोलीत, खोक्यांच्या मधोमध, एक वाळकुडा म्हातारा स्टुलावर पाठमोरा बसला होता. हातात सेट. पुढ्यात बुद्धिबळाचा पट.

"बंद करू नका!" ऋता म्हणाली. "मी हेमचंद्रांची नात. ऋता."

ते वळले. तिच्या हातातला स्कॅनर त्यांनी लगेच ओळखला. ते तिच्या मागं, दाराकडे बघत राहिले, आणखी कुणीतरी जिना चढत येतंय असं वाटून.

"तो नाय आला?"

ऋताने नाही म्हणून मान हलवली. मग गुडघ्यावर बसली आणि त्या दिवशीचं सगळं सांगितलं. सकाळ, घोडा, हसणं, दुपारचे बारा. "ते रागावले नव्हते हो! तुमच्याशी बोलायचं म्हणून साडेचारची वाट बघत होते."

"कुठं ठेवला घोडा?"

"एफ पाच."

त्यांनी हेमचंद्रांचा काळा घोडा एफ पाचवर ठेवला. पटाकडे बराच वेळ पाहिलं. आणि एकदम हसू फुटलं त्यांना, डोळ्यांतून धारा लागलेल्या असताना! "आयला! वजीर गेला की माझा! जिरवलीस रे हेमा, जिरवलीस!" मग हार मानून आपला राजा त्यांनी हळूच आडवा केला.

आनंदाकाका, त्यांचा मुलगा, खोका हातात घेऊन दारात थिजले होते. "मला वाटायचं बाबा उगाच यंत्राशी बडबडतात. एकदा लालबागला जाऊन बघून यायला हवं होतं मी." त्यांनी ऋताच्या घरी फोन लावला. अर्ध्या तासात विनीतकाका धावत आला, तो मान खाली घालूनच.

"आम्ही मोठ्यांनी करायचं काम तुम्ही तिघांनी केलंत," तो म्हणाला. "शाबास! आणि... चुकलं माझं."

"हेमाची नात शोभतेस गो," रघुआजोबा म्हणाले. त्यांनी सेट शेवटचा हातात घेतला, गेलेल्या हॅमला निरोप द्यायच्या रीतीनं हेमचंद्रांचं नाव तीनदा पुकारलं, दर वेळी उत्तरासाठी थांबले आणि म्हणाले, "हे स्टेशन आता शांत झालं." मग सेट बंद केला.

रविवारी साडेचारला ऋता गच्चीवर गेली. न बोलावताच दोघं येऊन शेजारी बसली. तिने स्कॅनर लावला. खरखर ऐकत तिघं पाच वाजेपर्यंत तशीच बसून राहिली.