डावखुरी वेल

“बाकीच्या वेली उजवीकडे वळतात, ही एकटी डावीकडे. अगदी तुझ्यासारखी! बघू या, कोण सरळ करतं तिला...”

डाव्या हाताने लिहिते म्हणून शाळेत रट्टे खाऊन आले होते मी. मावशीने टेकडीवर नेऊन ती वेल दाखवली होती. मावशी गेली, आवाज तेवढा राहिला.

म्हणून तर टेकडीवरच्या परदेशी वेली वनखातं तोडणार असं कळलं, तशी मी धावत वर गेले. आणि तिथे... माझ्याच वेलीला लाल फीत बांधत एक चष्मेवाला उभा! लाल म्हणजे तोडायची, पांढरी म्हणजे ठेवायची.

“अहो, ही आपली आहे! वळण बघा ना तिचं.”

“बघितलं. तशीच वळणारी एक परदेशी जातही आहे. फुलांचा घोस शेंड्याला आला तर आपली, पानांच्या बगलेत आला तर परकी. फुलाशिवाय मी नाव सांगत नाही.”

“लग्नही असंच ठरवणार का?”

त्याचे कान फितीहून लाल झाले. “सोमवारी तोडणी आहे,” एवढंच पुटपुटला.

मग मी रोज जाऊ लागले. तोही यायचा — कामाला म्हणे! दुर्बिणीतून झाडावर उंच गेलेले तिचे शेंडे न्याहाळायचा आणि नकारार्थी मान हलवायचा. एकदा हाताशी आलेला कोवळा फुटवा त्याने हळूच उलटा वळवून ठेवला. दुसऱ्या दिवशी बाईसाहेब पुन्हा डावीकडे!

“हट्टी आहे,” तो म्हणाला. बघत मात्र माझ्याकडे होता.

सोमवारी धुक्यातून कोयते आले. मी वेलीच्या बुंध्याशी बसकण मारली.

“ताई, उठा की,” मुकादम म्हणाला.

“फूल आलं की उठते.”

“आणि नाही आलं तर?”

“डबा आणलाय.”

चष्मेवाला हसू दाबत म्हणाला, “मुकादम, त्या टोकापासून सुरू करा. ही शेवटी.”

कोयत्यांचा आवाज जवळ जवळ येत गेला. धुकं विरलं, उन्हं कलली, आणि वरून गोडसर वास आला... दुर्बीण माझ्या हातात कोंबून तो सरळ झाडावरच चढला.

“शेंड्याला आहे! अहो, शेंड्याला!”

खाली उतरला तेव्हा केसांत पानं, चष्मा वाकडा. पांढरी फीत काही त्याला बांधता येईना. मीच बांधली, डाव्या हाताने. तो त्या हाताकडे बघत राहिला.

“आणखी एक सांगायचंय... पण पुरावा नाही माझ्याकडे.”

“मग नका सांगू.”

“सांगणार. तुम्ही मला आवडता — पहिल्या दिवसापासून.”