मागाहून आलेली

ॲपमध्ये चूक सापडली की तिचं तिकीट लिहून बोर्डावर टाकायचं. एकच चूक दोनदा आली तर आधीचं तिकीट ठेवायचं, मागाहूनचं बंद करायचं. नाशिक रोडच्या त्या चारपाच टेबलांच्या ऑफिसात हा धनराज सरांचा नियम होता, आणि त्यात वावगं काही नव्हतं. भाजीवाल्या शेतकऱ्यांना बाजारभाव दाखवणारं ॲप. चुका शोधायच्या योगिनीने, दुरुस्त करायच्या संतोषने.

पण महिनाभर योगिनीचं प्रत्येक तिकीट बंद होत होतं. तिच्या आधीच तेच तिकीट बोर्डावर असायचं. तेच शब्द, तोच फोटो, खाली नावही तिचंच.

सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "आकडा फुगवायला एकच गोष्ट दोनदा लिहितेस? असं असेल तर तुला कायम करता येणार नाही."

तिला रडूच आलं. घरातली पहिली पगाराची नोकरी, आणि ती अशी चोर ठरून जायची? पाणी कुठं मुरतंय हे तिला ठाऊक होतं. शेजारच्या टेबलावरचा संतोष वरून गरीब गाय, पण त्याच्या मावसबहिणीचा या जागेवर डोळा होता. योगिनीने पासवर्ड बदलून पाहिला, काही फरक पडला नाही.

मग तिने सापळा लावला. बसमध्ये बसल्या बसल्या एक चूक मनानेच रचली: कोथिंबिरीच्या जुडीचा भाव शून्याखाली दिसतो. असं ॲपमध्ये कुठंच होत नव्हतं. कुणाला सांगितलंही नाही. ऑफिसात येऊन बोर्ड उघडला.

कोथिंबिरीची जुडी तिथं होती.

"संतोष, माझ्या नावाने तू लिहितोस ना?"

"मला आहेत तीच तिकिटं निस्तरेनात," तो म्हणाला. "आणि काल चहा पिताना तूच सांगत होतीस की, कोणीतरी तुझ्या मागाहून तेच तेच लिहितंय म्हणून."

काल योगिनी रजेवर होती. आईबरोबर वणीला, गडावर.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी आली. आदल्या संध्याकाळीच सरांकडून किल्ली मागून घेतली होती. कुलूप तिनेच काढलं, शटर वर केलं. आत बंद खोलीचा वास होता. खुर्चीत बसून तिने बोर्ड उघडला. आज हे सगळं सरांच्या नावे स्पष्ट लिहायचं होतं.

तिकीट आधीच होतं.

'माझ्या मागाहून एक जण येते आणि मी लिहिलेलं पुन्हा लिहिते. ती मी नाही. तिला बंद करा.'

खाली सरांचं उत्तर होतं. 'मान्य. सकाळीच करतो.'

तिने घाईघाईने लिहायला घेतलं. स्क्रीनने पासवर्ड विचारला. तिने टाकला. चालला नाही. पुन्हा टाकला.

बोटं थांबली, आणि मगाशी घाईत तिकडं लक्षच गेलं नव्हतं ते तिला आता आठवलं.

ती बसली तेव्हा खुर्ची ऊबदार होती.