बोटाने लिहा

दिवेलागणीला निकेत ओटीवर नवा टॅब मांडीवर घेऊन बसला होता. जुना बिघडला म्हणून कंपनीने हा दिला होता. उरणच्या बाजूच्या आपल्या गावातली मिठागरं कंटेनरच्या यार्डासाठी मिळवायची आणि मालकांची संमती टॅबवर नोंदवायची, हे त्याचं काम. गावचाच पोरगा, जिभेवर साखर. लोकांना त्याला नाही म्हणणं जड जाई. एकदा संमती पाठवली की परत घेता येत नाही, हे मात्र तो पाठवून झाल्यावर सांगायचा. सगळा पट्टा त्याने असा कंपनीच्या घशात घातला होता. मधोमध फक्त स्वतःची घरजागा शिताफीने वगळली होती. तिच्यावर हे नवंकोरं घर उभं होतं, आत बायको प्राप्ती भाकऱ्या थापत होती. या घरावर निकेतचा जीव होता.

टॅबने विचारलं, मराठी कशी लिहिणार? खाली तीन पर्याय होते. कीबोर्ड, बोलून, बोटाने.

निकेतचा हात थबकला. हेच तीन पर्याय त्याने गेल्या वर्षी येसूबाईच्या खाटेशी बसून पाहिले होते.

येसूबाई त्याची चुलती. जन्मभर आगरात मीठ ओढून तिच्या बोटांचे ठसे झिजले होते, यंत्रावर अंगठा उमटतच नव्हता. अर्धांगाने हात लुळे पडले होते, जीभ मात्र शाबूत होती. बोलून नोंदवलं असतं तर तिचा नकारच नोंदला गेला असता. म्हणून या नीच माणसाने ‘बोटाने’ निवडलं, तिचं बोट आपल्या मुठीत धरलं आणि तिचं नाव काचेवर गिरवलं.

“माजा आगर न्हाय देवाचा मना... सोर माजा हात, निकेत... न्हाय...”

“झालं काकी, झालं,” सुई टोचताना पोराला समजवावं तसं तो म्हणाला होता.

आगरात भराव पडला त्याच आठवड्यात ती गेली. जाताना एवढंच म्हणाली, “माजा हात तू धरलास. तुजा मी धरीन.”

निकेतने मान झटकली आणि ‘कीबोर्ड’ निवडला. अक्षरं वर आली, क्षणभर थांबली आणि आपोआप खाली गेली. त्या जागी पांढरी पाटी उघडली. वर लिहिलं होतं, बोटाने लिहा.

नवं यंत्र, चालायचंच, असं म्हणत त्याने पुन्हा कीबोर्ड निवडला. पुन्हा तीच पाटी. इतक्यात लाइट गेली. सगळीकडे मुरूम पसरून वर्ष झालं होतं, तरी अंगणातून ओल्या, खारट चिखलाचा वास आला. मग बांधावरून कोणी पाय ओढत चालावं तसा आवाज... आता तिथे बांधच नव्हता.

त्याने घाईघाईने ‘बोलून’ दाबलं.

“नमस्कार,” तो म्हणाला.

काचेवर उमटलं, न्हाय.

“न... नमस्कार.”

न्हाय. न्हाय. न्हाय. पडदा भरत गेला, मग एकदम कोरा झाला आणि त्यावर त्याच्या घरजागेचं संमतिपत्र उघडलं. खाली तीच पांढरी पाटी होती. निकेतने टॅब फेकायला हात उचलला, तोच एक गार, खरखरीत मूठ त्याच्या बोटाभोवती आवळली. पलीकडे कोणीच दिसत नव्हतं. बोट काचेवर टेकलं. नि... के... त...

“सोड! नाही द्यायचं मला... सोड ना!”

प्राप्ती मोबाइलचा उजेड घेऊन धावत आली. “अहो, कोनाशी भांडताव?”

नवरा एकटाच बसला होता. टॅबवर हिरवी खूण होती. संमती कंपनीकडे गेली होती.

सकाळी ऑफिसातून हेतलचा फोन आला.

“निकेतदादा, तुमच्या घरजागेची संमती मिळाली हं. साहेब खूश आहेत. बोटाने सही केलीत, सगळं पक्कं झालं. फक्त ते बोलून लिहायचं चालूच राहिलं होतं वाटतं, सोबत आवाजही आलाय. तुम्ही सोड, सोड म्हणून ओरडताय.”

“आणखी... काही आहे का त्यात?”

“एक म्हातारी बाई तुम्हाला समजावतेय. झालं निकेत, झालं, असं म्हणतेय. तुमच्या आई का?”

निकेतने उजव्या हाताकडे पाहिलं. फोन त्याने डाव्या हाताने धरला होता. उजवा अजून सुटला नव्हता.